‘बॉक्स भरणारा मजूर’: धुळेकर यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

धुळेकर भाऊ,

तुमची प्रतिक्रिया आली त्याच दिवशी वाचली. लगेच उत्तर दिलं असतं तर तोंड सुटलं असतं, म्हणून थांबलो. आजही राग पूर्ण उतरलेला नाही, तेव्हा एखादा शब्द जड गेला तर गेला.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. डेबियन ही लिनक्सवर आधारलेली, कोणालाही फुकट वापरता येणारी ऑपरेटिंग सिस्टीम. तिची पॅकेजेस, म्हणजे इन्स्टॉल करायला तयार केलेले प्रोग्राम, सांभाळण्याच्या कामावर मी मागे लेख लिहिला होता. धुळेकर यांचं म्हणणं असं की डेबियनमध्ये सगळं जुनं मिळतं, फ्लॅटपॅक (कुठल्याही लिनक्सवर प्रोग्राम थेट टाकायची सोय) आल्यापासून पॅकेजरची, म्हणजे ही पॅकेजेस बनवणाऱ्याची, गरज संपली, आणि त्यांच्या ऑफिसात मराठी पीडीएफ छापताना जोडाक्षरं तुटतात त्याकडे कोणी पाहत नाही. इथपर्यंत ठीक. पुढे ते लिहितात: “दुसऱ्याने पिकवलेली केळी बॉक्समध्ये भरणारा मजूर स्वतःला शेतकरी म्हणवत नाही. तुम्ही मात्र एक ओळही न लिहिता रावेरात बसून जग सांभाळल्याच्या गप्पा मारता.”

एक गोष्ट आधीच मान्य करतो. जिम्प या चित्रं संपादित करायच्या प्रोग्रामचं ३.० व्हर्जन मार्च २०२५ मध्ये आलं आणि डेबियनच्या स्टेबलमध्ये, म्हणजे तपासून पक्क्या केलेल्या मुख्य आवृत्तीत, ते ऑगस्टमध्ये, डेबियन १३ सोबत पोचलं. तोवर स्टेबलवाल्यांकडे २.१० होतं. चित्रांचं काम करणाऱ्याने मधल्या काळात फ्लॅटपॅकमधून नवं घेतलं तर त्यात काही वावगं नाही, मीही तेच सुचवलं असतं. हा मुद्दा तुमचा.

पण मुद्दा मांडायची एक रीत असते. मला लेखातली चूक दाखवा, आकडा खोडून काढा, मी वाद घालेन आणि पटलं तर ऐकेनही. तुम्ही टोपणनावाच्या आडून थेट माणसाच्या लायकीवर आलात, आणि ते करताना ज्याचा या वादाशी काही संबंध नाही अशा मजुराला मध्ये ओढलंत. माझे वडील रावेर स्टेशनवर केळीच्या वॅगन भरायचे. दिल्लीला पोचेपर्यंत माल टिकला पाहिजे म्हणून कुठला घड घ्यायचा, कुठला बाजूला टाकायचा हे ते हातात धरून सांगायचे. पिकायला लागलेला एक घड आत गेला तर तो शेजारच्यांनाही पिकवतो, आणि शिव्या पिकवणाऱ्याला बसत नाहीत, भरणाऱ्याला बसतात. त्यांनी स्वतःला शेतकरी कधीच म्हणवलं नाही, त्यांना त्याची गरज नव्हती. मीही माझ्या लेखात कुठे स्वतःला प्रोग्रामचा कर्ता म्हटलेलं नाही. पुन्हा वाचून पाहा.

आता ‘एक ओळही न लिहिता’ याबद्दल. हे सरळसरळ खोटं आहे आणि ते तुम्ही तपासल्याशिवाय लिहिलंत, याचा मला जास्त राग आहे. प्रत्येक डेबियन पॅकेजच्या सोर्समध्ये डेबियन नावाची एक डिरेक्टरी असते, तिच्यात बहुतेकदा पॅचेस नावाची आणखी एक, मूळ कोडमध्ये पॅकेजरने केलेले बदल ठेवायला. ती कोणालाही उघडून पाहता येते, त्यासाठी लॉगिनसुद्धा लागत नाही. माझ्याकडे सी या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेली एक छोटी लायब्ररी (इतर प्रोग्राम वापरतात तो कोड) आहे. मूळ लेखकाच्या लॅपटॉपवर ती उत्तम चालते. डेबियनमध्ये मात्र तेच पॅकेज एएमडी६४, एआरएम, रिस्क-फाइव्ह, पॉवरपीसी आणि आयबीएमच्या मेनफ्रेमसाठीचं एस३९०एक्स अशा सगळ्या आर्किटेक्चरवर (प्रोसेसरच्या प्रकारांवर) बिल्ड व्हावं लागतं, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्राम तयार व्हावा लागतो. या शेवटच्या मशीनवर आकड्याचे बाइट आपल्या नेहमीच्या कॉम्प्युटरच्या उलट क्रमाने ठेवलेले असतात. तिथे लायब्ररीच्या चाचण्या कोसळल्या. लेखकाकडे तसं मशीन नव्हतं, माझ्याकडे असायचा प्रश्नच नाही. ते मशीन डेबियनने दूरवरून वापरायला दिलं, मी कित्येक रात्री त्यावर बसलो आणि शेवटी सापडलं की फाइलचं शीर्ष वाचताना चार बाइट सरळ आकड्यात ओतले जात होते. पॅच मी लिहिला. मूळ लेखकाने तो पुढच्या व्हर्जनमध्ये घेतला. ओळी थोड्याच आहेत, पण माझ्या आहेत. तुम्ही मोजून घ्या.

आणि लिहिण्यापेक्षा जास्त वेळ वाचण्यात जातो, हे तुम्हाला दिसलंच नाही. पॅकेजमधल्या प्रत्येक फाइलचा कॉपीराइट कोणाचा, लायसन कोणतं, हे कॉपीराइट नावाच्या फाइलीत नोंदवावं लागतं. नवीन पॅकेज आलं की ते एका रांगेत थांबतं आणि डेबियनची माणसं ते स्वतः तपासतात. माझं पहिलं पॅकेज परत आलं, कारण मूळ प्रोग्रामात एक देवनागरी फॉण्ट होता आणि त्याच्या लायसनचा कागद कुठेच नव्हता. त्या फॉण्टच्या कर्त्याला शोधून, पत्र पाठवून, लेखी परवानगी आणली तेव्हा पॅकेज आत गेलं. १९९७ पासून डेबियनचा सामाजिक करार आहे आणि मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे काय याचे नियम त्यात लिहिलेले आहेत. तुमच्या ऑफिसने ते सॉफ्टवेअर उद्या शंभर मशीनवर टाकलं तरी कोणी नोटीस पाठवणार नाही, ती खात्री कोणीतरी एकेक फाइल वाचून तयार केलेली असते.

पॅकेजरचा हात खरंच नुसता भरायचा असता तर २००८ घडलं नसतं. हे उदाहरण आमच्या बाजूचं नाही, तरी देतो. २००६ मध्ये डेबियनच्या ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या पॅकेजमध्ये एका तपासणी साधनाच्या इशाऱ्यावरून काही ओळी काढल्या गेल्या. गुप्त की (डिजिटल किल्ली) बनवताना लागणाऱ्या, कोणाला अंदाज येऊ नये अशा यादृच्छिक आकड्यांचा मुख्य स्रोत त्या ओळी होत्या. उरला तो फक्त प्रोसेसचा क्रमांक, म्हणजे एका प्रकारच्या कीसाठी ३२,७६८ शक्यता. १३ मे २००८ ला ते जाहीर झालं आणि जगभर लोकांना एसएसएचच्या (दूरच्या मशीनवर लॉगिन करायच्या साधनाच्या) की बदलाव्या लागल्या. ज्या माणसाच्या दोन ओळींनी एवढं होऊ शकतं, त्याच्या कामाला तुम्ही बिनडोक म्हणता?

आता ‘सगळं जुनं’. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड हे डेटा दाबून लहान करणारं साधन, त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या व्हर्जनमध्ये चोरदरवाजा (बॅकडोअर) सापडला. जिया तान या नावाने कोणीतरी दोन-अडीच वर्षं त्या प्रकल्पात काम करून मूळ मेंटेनरचा (प्रकल्प सांभाळणाऱ्याचा) विश्वास मिळवला होता. आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणाऱ्या डेव्हलपरला एसएसएच लॉगिन अर्धा सेकंद उशिरा होतंय एवढंच खटकलं आणि त्याने २९ मार्चला सगळं उघड केलं. धुळेकर भाऊ, या प्रकरणातल्या दोन गोष्टी नीट ऐका. एक, ते विष कुठेही जागं होत नव्हतं. डेबियन किंवा आरपीएम (रेड हॅटसारख्या लिनक्सच्या) पद्धतीचं पॅकेज बिल्ड होतंय का हे ते आधी तपासायचं आणि तेव्हाच आत शिरायचं. हल्ला करणाऱ्याला पॅकेजर कुठे उभा असतो ते पक्कं ठाऊक होतं. दोन, उघड व्हायच्या काही दिवस आधीच एका खात्यावरून डेबियनकडे नवं व्हर्जन लवकर घ्या असा आग्रह झाला होता. अनस्टेबल आणि टेस्टिंग या स्टेबलच्या आधीच्या, तपासणीच्या शाखांमध्ये ते पोचलंही. स्टेबलमध्ये ५.४ होतं. तुमच्या भाषेत जुनं. तुमच्या ऑफिसातलं मशीन त्या जुन्यामुळे वाचलं.

जुनं म्हणजे भोकांसकट ठेवलेलं, हाही गैरसमज. एप्रिल २०१४ मध्ये हार्टब्लीड हे ओपनएसएसएलमधलं सुरक्षेचं भोक उघड झालं तेव्हा ओपनएसएसएलने १.०.१जी काढून ते बुजवलं. डेबियनने स्टेबलमध्ये १.०.१ई तसंच ठेवलं, फक्त दुरुस्ती मागे आणून त्यात बसवली आणि शेपटाचा आकडा वाढवला. व्हर्जनचा नुसता पुढचा भाग वाचणाऱ्यांना वाटलं की सर्व्हर उघडाच आहे. चेंजलॉग (पॅकेजमधल्या बदलांची नोंद) वाचणाऱ्यांना कळलं. तुम्ही चेंजलॉग वाचत नाही हे तुमच्या प्रतिक्रियेवरून स्पष्ट आहे, आणि मी हे अपमान म्हणून लिहीत नाही. आधी तो वाचा, मग ‘जुनं’ म्हणा.

‘रावेरात बसून’ या दोन शब्दांना उत्तर देणार नव्हतो, पण देतो. भारनियमनाच्या काळात रात्री वीज आली की माझी बिल्ड सुरू व्हायची आणि पहाटे वीज गेली की अर्धवट मरायची. मला डेबियन मेंटेनर (आपली पॅकेजेस स्वतः अपलोड करू शकणारा) व्हायचं होतं तेव्हा माझ्या कीवर डेबियन डेव्हलपरची सही लागत होती, समोरासमोर ओळखपत्र दाखवून. जवळपास मला कोणी मिळालं नाही, म्हणून रात्रीच्या रेल्वेने पुण्याला गेलो, सही घेऊन परत आलो आणि सकाळी कामावर हजर झालो. या कामाचा मला पगार नाही. अपलोड करताना कोणी गाव विचारत नाही, सही जुळते का ते पाहतं. खानदेशातला माणूस खानदेशातल्या माणसाला गावावरून हिणवतो, हे मला कुठल्याही परक्याने बोललेल्यापेक्षा जास्त लागलं. धुळे काही बोस्टन नाही.

फ्लॅटपॅकने पॅकेजर संपेल का, यावर एवढंच: फ्लॅटपॅकच्या खाली कर्नल (लिनक्सचा गाभा), सी लायब्ररी आणि स्वतः फ्लॅटपॅक चालवायला जे लागतं ते कोणीतरी पॅकेज करतंच. पुढचा वाद मला इथे घालायचा नाही. तुमच्या ‘रिकामपणाचा उद्योग’ या शब्दांकडेही दुर्लक्ष करतो.

तुमच्या पीडीएफची तक्रार मात्र खरी वाटते आणि संपूर्ण प्रतिक्रियेत तेवढीच कामाची आहे. जोडाक्षरं स्क्रीनवर नीट दिसतात आणि कागदावर तुटतात, की दोन्हीकडे तुटतात, हे तुम्ही लिहिलेलं नाही. ज्या मशीनवर होतं तिथेच टर्मिनलमध्ये रिपोर्टबग चालवा, म्हणजे पॅकेजचं नाव आणि नेमकं व्हर्जन आपोआप भरलं जाईल. फॉण्ट कोणता, फाइल कुठल्या प्रोग्रामातून बनवली, प्रिंटर कोणता, आणि बिघडलेलं एक पान जोडा. खाजगी मजकूर असेल तर काढून टाका, कारण डेबियनचे बग सगळ्यांना दिसतात. पॅकेज माझं नसलं तरी बग नंबर इथे खाली लिहा, ज्याचं आहे त्याच्यासोबत बसून मी तो बघतो.