कोहली १९५१ ते १९६९ काय करत होते?

मोठ्या माणसांच्या करिअरबद्दल हल्ली जे काही लिहिलं-बोललं जातं, त्यात एक गाळलेली जागा हमखास असते. शिक्षण कुठे झालं ते सांगतात, आणि मग एकदम कंपनीची स्थापना. मधली पंधरा-वीस वर्षं 'काही काळ नोकरी केल्यानंतर' एवढ्यात उरकतात. माझं स्पष्ट मत आहे की खरा प्रवास त्या 'काही काळा'तच झालेला असतो. तो कुणी सांगत नाही, आणि त्यामुळे आपल्या मुलांचं नुकसान होतंय.

फकीरचंद कोहलींचंच घ्या. भारतीय सॉफ्टवेअर उद्योगाचे जनक म्हणून त्यांचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं. जन्म १९२४, पेशावर. लाहोर, मग कॅनडातलं क्वीन्स विद्यापीठ, मग एमआयटी. यापुढे बहुतेक लेख थेट टीसीएसवर, म्हणजे टाटांच्या सॉफ्टवेअर कंपनीवर, येतात. टीसीएस सुरू झाली १९६८ मध्ये आणि कोहली तिथे आले १९६९ मध्ये, वयाच्या ४५व्या वर्षी. भारतात ते परतले होते १९५१ मध्ये. मग मधली अठरा वर्षं?

ती अठरा वर्षं ते टाटा इलेक्ट्रिकमध्ये वीज अभियंता होते. मी स्वतः आयुष्यभर वीजक्षेत्रात नोकरी केली, म्हणून ते काम काय असतं ते जरा सविस्तर सांगतो.

वीज धान्यासारखी कोठारात भरून ठेवता येत नाही. शहराला या क्षणी जेवढी हवी, तेवढीच या क्षणी तयार व्हावी लागते. कमी पडली की फ्रिक्वेन्सी, म्हणजे विजेची सेकंदाला होणारी आवर्तनं, ५० च्या खाली घसरते, जास्त झाली की वर चढते, आणि दोन्हीकडून यंत्रांना धोका. मुंबईसाठी तेव्हा टाटांची खोपोली, भिवपुरी आणि भिरा ही घाटाखालची जलविद्युत केंद्रं होती, आणि १९५६ पासून ट्रॉम्बेचं औष्णिक केंद्र. पाण्यावरचं जनित्र काही मिनिटांत भार उचलतं. औष्णिक केंद्राचा बॉयलर थंड असेल तर तो तापायलाच कित्येक तास जातात. संध्याकाळी घराघरांत दिवे लागतात, गिरण्या चालू असतात, लोकल भरून धावत असतात, आणि नियंत्रण कक्षातल्या माणसाला ठरवायचं असतं की आत्ता कुठलं जनित्र किती चालवायचं. त्यात धरणातलं पाणी पुढच्या पावसाळ्यापर्यंत पुरवायचं. म्हणजे आज संध्याकाळच्या निर्णयात मे महिन्याचाही हिशेब धरावा लागतो.

याला लोड डिस्पॅच म्हणतात, आणि कोहलींनी तिथे नेमकं हेच काम उभं केलं. ग्रिड, म्हणजे विजेचं जाळं, वाढत गेलं तसं हे गणित तक्ते आणि फोन यांच्या आवाक्याबाहेर जायला लागलं. १९६४ मध्ये मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीडीसी ३६०० हा संगणक आला, तेव्हा विजेच्या जाळ्याची गणितं त्यावर करून घेणाऱ्यांत टाटा इलेक्ट्रिकचे लोक होते. संगणक हे भविष्य आहे असं कुणी भाषणात सांगितलं म्हणून कोहली तिकडे वळले नाहीत. हातातलं काम त्याशिवाय होईना, म्हणून वळले.

मग टीसीएस. सुरुवातीची कामं आजच्या हिशेबानं अगदी रुक्ष होती. टिस्को या टाटांच्या पोलाद कंपनीसाठी पंच कार्डं (भोकं पाडून माहिती नोंदवायची कार्डं), सेंट्रल बँकेच्या शाखाशाखांमधल्या व्यवहारांचा ताळमेळ. १९७४ च्या सुमाराला अमेरिकेतल्या बरोज या संगणक कंपनीचं काम मिळालं, रुग्णालयांच्या हिशेबाची प्रणाली एका यंत्रावरून दुसऱ्यावर न्यायची. पण बरोजचं यंत्र हाताशी नव्हतं. होता तो आयसीएल १९०३, वेगळ्याच जातीचा संगणक. मग या लोकांनी त्यावरच असा प्रोग्रॅम लिहिला की तो एका यंत्राच्या भाषेतलं दुसऱ्याच्या भाषेत बदलून देईल. यंत्र येईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं नाही, ही सवय मला सरळ नियंत्रण कक्षातून आलेली दिसते. तिथे थांबायची सोयच नसते.

गुंतवणूक आणि वित्त क्षेत्रातलं उदाहरण तर मला याहून विलक्षण वाटतं. हसमुखभाई पारेख, म्हणजे एच. टी. पारेख. जन्म १९११. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून शिकून आले आणि १९३६ मध्ये मुंबईत हरकिसनदास लखमीदास या शेअर दलालांच्या पेढीत लागले. वीस वर्षं तिथे. मग १९५६ मध्ये आयसीआयसीआय. ती तेव्हा बँक नव्हती, उद्योगांना लांब मुदतीची कर्जं देणारी संस्था होती. तिथे आणखी वीस वर्षं, थेट अध्यक्षपदापर्यंत. आणि १९७७ मध्ये, वयाच्या ६६व्या वर्षी, त्यांनी एचडीएफसी ही घरांसाठी कर्ज देणारी संस्था स्थापन केली.

सहासष्टाव्या वर्षी! आपल्याकडे त्या वयात माणसाला सोसायटीच्या गणेशोत्सवाचं अध्यक्षपद देतात.

तेव्हाचं घर घेणं आठवा. प्रॉव्हिडंट फंड काढायचा, दागिने मोडायचे, गावची जमीन विकायची, नाहीतर सरळ निवृत्तीची वाट बघायची. म्हणजे घर बांधून होईतो मुलं आपापल्या मार्गाला लागलेली. पगारदार माणसाला पंधरा वर्षांच्या मुदतीचं कर्ज देणं म्हणजे पैसे बुडवणं, असाच समज होता. एचडीएफसीच्या शेअर विक्रीला सुद्धा पुरता प्रतिसाद मिळाला नव्हता.

पारेखांना मात्र दोन गोष्टी हाताळून माहीत होत्या. दलालीच्या पेढीतली वीस वर्षं म्हणजे बचत करणारा माणूस पैसे कशाच्या भरवशावर देतो याचं शिक्षण. आयसीआयसीआयमधली वीस वर्षं म्हणजे लांब मुदतीचं कर्ज बुडू न देता कसं चालवायचं याचं शिक्षण. गृहकर्जाला नेमकं हेच दोन्ही लागतं. चाळीस वर्षांच्या त्या अनुभवाशिवाय एचडीएफसीची कल्पना कुणाला सुचलीही असती कदाचित, पण चालवता आली असती असं मला वाटत नाही.

त्याच आयसीआयसीआयमध्ये ललिता गुप्ते १९७१ मध्ये प्रकल्पांची छाननी करणाऱ्या विभागात लागल्या आणि २००६ मध्ये सहव्यवस्थापकीय संचालक म्हणून निवृत्त झाल्या. एकच संस्था, पस्तीस वर्षं. कारखान्याचा आराखडा हातात घेऊन तो पैसे फेडेल की नाही हे तपासण्यापासून सुरुवात. भारतीय वित्तक्षेत्रात बायका पुढे कशा आल्या यावर चर्चा होतात, तेव्हा त्यांच्या त्या पहिल्या दहा वर्षांच्या कामाबद्दल मला वाचायला आवडेल. सापडत नाही. पदांची यादी तेवढी सापडते.

पत्रकारितेत नानासाहेब परुळेकर. बेळगाव भागातल्या खेड्यातून निघून कोलंबिया विद्यापीठाच्या डॉक्टरेटपर्यंत पोचलेला माणूस. अमेरिकेत राहून तिथली वृत्तपत्रं बातमी कशी गोळा करतात हे त्यांनी आतून पाहिलं होतं. १ जानेवारी १९३२ ला पुण्यात 'सकाळ' सुरू केला, तेव्हा वृत्तपत्र म्हणजे आधी अग्रलेख अशी इथली रीत होती. त्यांनी बातमी पुढे आणली. गावोगावी वार्ताहर नेमले. बाजारभाव, पाऊसपाणी, नगरपालिकेचा कारभार छापला. टिळकांच्या गावात हे करायला धाडस लागतंच. पण त्या धाडसाच्या मागे परदेशात घालवलेली उमेदवारीची वर्षं होती.

संगणकतज्ज्ञ विजय भटकरांचा रस्ता असाच वळणावळणाचा. अकोला जिल्ह्यातलं मुरंबा, मग नागपूर, बडोदा, दिल्ली, आणि पुढे कित्येक वर्षं तिरुअनंतपुरम्, जिथे काम होतं इलेक्ट्रॉनिक्सचं. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संगणक संशोधन संस्था उभी राहिली आणि १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक. गोष्ट सांगताना आपण अमेरिकेनं महासंगणक द्यायला दिलेल्या नकारापासून सुरुवात करतो. तिरुअनंतपुरमची वर्षं कुणी विचारत नाही.

हे सगळं आज लिहायचं कारण माझी भाची. सत्तावीस वर्षांची आहे, एका कारखान्यात दर्जा तपासणीच्या विभागात काम करते, आणि काम चोख करते. परवा म्हणाली, "मामा, माझ्या बरोबरच्यांचे स्टार्टअप झाले, दोघांना फंडिंग मिळालं. मी मागे पडले." मोबाईलवर तिशीच्या आत नाव काढलेल्यांची यादी उघडून तिनं माझ्यासमोर धरली. मला खरंच वाईट वाटलं. पुर्ज्यात दोष कुठे येतो हे ही मुलगी हात लावून सांगू शकते. हे ज्ञान विकत मिळत नाही, आणि तिला ते कमाईच वाटत नाही, कारण तशी गोष्ट तिनं कुठे वाचलेलीच नाही.

आता कुणी म्हणेल, कोहलींच्या पाठीशी टाटा होते, पारेखांचं शिक्षण लंडनचं. बरोबर आहे. प्रत्येकाला असं पाठबळ मिळत नाही, आणि वीस वर्षं नोकरी केलेला प्रत्येक जण संस्था उभी करतो असंही नाही. कित्येकांची वीस वर्षं फायलींखाली दबून जातात. माझे अनेक हुशार सहकारी तसे निवृत्त झालेले मी पाहिलेत, आणि त्यात त्यांचा दोष नव्हता. तरुणपणी उडी मारून जिंकलेले लोकही आहेत, त्यांचं कौतुक मलाही आहे. पण मुलांसमोर फक्त तेच ठेवायचे, हे मला मान्य नाही.

इंजिनिअरिंग आणि कॉमर्स कॉलेजांत करिअर मार्गदर्शनाचे कार्यक्रम ठरवणाऱ्या मित्रांना म्हणून माझी एक विनंती आहे. या वर्षी पाहुणा बोलावताना एक तरी असा बोलवा, ज्यानं किंवा जिनं एकाच कामात पंधरा वर्षं घातली आहेत. फाउंड्रीतली असो, लोड डिस्पॅचमधला असो, बँकेच्या कर्ज विभागातली असो, डेस्कवरचा उपसंपादक असो. त्यांना 'यशाचा मंत्र' विचारू नका. चौथ्या वर्षी रोज नेमकं काय करत होतात आणि तेव्हा काय कळलं, एवढंच विचारा. पुण्यात कार्यक्रम असेल तर अशी दोन-तीन माणसं मी सुचवू शकतो, आणि भाचीलाही घेऊन येईन.