नवरा कोण, बायको कोण?

बँकॉकच्या स्टेशनांवर देखण्या नटांची मोठमोठी पोस्टरं झळकत असतात. वाढदिवसाच्या शुभेच्छांची पोस्टरं तर चाहतेच पदरमोड करून लावतात, त्यांत मुलींचा भरणा जास्त. दोन पुरुषांच्या प्रेमाच्या 'बीएल' (बॉइज लव्ह) मालिका हा इथला मोठा धंदा आहे. त्यामुळे तिकडे मराठी मित्रमैत्रिणींत 'हे गे पात्रांचं फेटिशायझेशन आहे, म्हणजे त्यांना माणूस न मानता नुसती चाळवण्याची वस्तू केलंय, बायकांनी या कथा लिहूच नयेत' असा वाद पेटला की मला गप्प बसवत नाही.

तक्रार खरी आहे, जुनीही आहे. जपानमध्ये १९९२ साली मासाकी सातो या गे कार्यकर्त्याने अशा कथांच्या लेखिका-वाचकांना याच मुद्द्यावर धारेवर धरलं होतं. इथे थायलंडच्या कितीतरी मालिकांत नायक म्हणतो, "मला पुरुष आवडत नाहीत, मला फक्त तूच आवडतोस." त्यावर प्रेक्षकांचा ठरलेला प्रश्न: यांच्यात नवरा कोण, बायको कोण? मला याचा मनस्वी राग येतो. प्रेम दोन पुरुषांचं, पण त्यातल्या एकालाही गे म्हणवून घ्यायचं नाही! पोस्टरांची एवढी रेलचेल, तरी इथल्या समलिंगी जोडप्यांना लग्नाची नोंदणी करता आली ती थेट २३ जानेवारी २०२५ पासून. आजारी जोडीदाराच्या उपचारांचा निर्णय नवऱ्याच्या किंवा बायकोच्या हक्काने घेण्याची सोय त्याआधी नव्हती. मालिकांतल्या जोड्यांना अशी आजारपणं सहसा येतच नाहीत.

पण म्हणून लिहिणाऱ्याची, नटाची ओळख तपासायची? किट कॉनर या ब्रिटिश नटावर, तो स्वतः तसा नसताना अशा पात्रांचा नुसता फायदा घेतो, असे आरोप झाले. शेवटी २०२२ मध्ये, अवघ्या अठराव्या वर्षी, त्याला आपण बायसेक्शुअल असल्याचं जाहीर करावं लागलं. ज्यांच्या बाजूने भांडायचं त्यांच्यातल्याच एका पोराला असं कोपऱ्यात गाठलं गेलं.

हा नियम आपल्याकडे लावला असता तर विजय तेंडुलकरांना १९८१ मध्ये 'मित्राची गोष्ट' हे नाटक रंगमंचावर आणताच आली नसती. त्यातल्या मित्रा या बाईवर प्रेम करणाऱ्या नायिकेचा शेवट मरणात होतो, त्यावरून तेंडुलकरांशी जरूर भांडावं. पण तिला कॉलेज आहे, बापूसारखा मित्र आहे, कॉलेजच्या नाटकात वाट्याला आलेलं पुरुषाचं काम आहे, संताप आहे, हट्ट आहे. ती कुणाच्या डोळ्यांचं सुख म्हणून तिथे उभी नाही.

मला मराठीत आता पन्नाशीतले दोन पुरुष वाचायचे आहेत: घराच्या कर्जावरून भांडणारे, एकमेकांच्या आईची औषधं आणणारे, आणि हो, एकमेकांना हवेहवेसे वाटणारेसुद्धा. ते एखाद्या बाईने लिहिले तरी मी आवडीने वाचेन.