शेवट कोणी पाहिलाय?

"मज्जा आहे बुवा तुमची! सिनेमे बघायचे, गेम खेळायचे, आणि वर त्याचे पैसे घ्यायचे." हे वाक्य मला आठवड्यातून तीनदा तरी ऐकावं लागतं. म्हणणारा माणूस बहुधा आदल्या दिवशी लोळत पडून एखादी मालिका शेवटपर्यंत पाहून आलेला असतो. मी त्याच्याकडे किती जळून बघतोय ते त्याला दिसत नाही, कारण तोही माझ्याकडे तसाच बघत असतो.

मी एका वृत्तपत्राच्या पुरवणीत साप्ताहिक सदर लिहितो. एक गेम, एक मालिका, एक सिनेमा, आठशे शब्द, गुरुवारी रात्री बाराच्या आत. इतकी वर्षं झाली, आता कबुली द्यायला हरकत नाही. ज्यांच्यावर मी लिहितो त्यातल्या बहुतेक गोष्टींचा शेवट मी पाहिलेला नाही.

यात लबाडी कमी आणि गणित जास्त आहे. आठवड्याचे तास १६८. रोजची सात तास झोप धरली तर ४९ गेले, उरले ११९. गेम बनवणारे छाती फुगवून सांगतात, "आमचा खेळ सत्तर तासांचा आहे." मालिका दहा तासांची. सिनेमा तीन तासांचा, जाणं-येणं धरून चार. झाले ८४. उरलेल्या पस्तीस तासांत अंघोळ, जेवण, लेखन आणि "अजून झालं नाही का तुझं?" या प्रश्नाची उत्तरं. कागदावर चोख बसतं. पण ते सत्तर तास ज्याचे अंगठे मेंदूचं ऐकतात अशा माणसाचे असतात. माझे अंगठे स्वतंत्र बाण्याचे आहेत. मी उडी मारायला सांगितलं की ते तलवार उपसतात, आणि तलवार उपसायला सांगितलं की नकाशा उघडतात.

त्यात पहिले दोन तास पात्राचं नाक ठरवण्यात जातात. हल्लीच्या खेळांत आपला नायक आपण घडवायचा असतो: भुवया, जबडा, गालावरचा व्रण, सगळं. मी मन लावून घडवतो. मग खेळ सुरू होतो आणि पहिल्याच प्रसंगात त्याला शिरस्त्राण घालतात. पुढचे अडुसष्ट तास मला त्याची पाठ दिसते.

साधारण अकराव्या तासाला मला पहिला मोठा राक्षस भेटतो. खेळणारे त्याला 'बॉस' म्हणतात, आणि हे नाव ज्याने ठेवलं त्याने नोकरी केलेली असणार. मागच्या महिन्यातल्या बॉसने मला एकेचाळीस वेळा मारलं. बेचाळिसाव्या वेळी कन्या मागे येऊन उभी राहिली. "बाबा, तो हात वर करतो ना, तेव्हा बाजूला व्हायचं असतं." मी म्हटलं, "मी समीक्षक आहे. मी त्याची शैली अभ्यासतोय." ती काही बोलली नाही. लेकीचं न बोलणं हा बॉसच्या गदेपेक्षा जड प्रकार असतो. त्या आठवड्याच्या सदरात मी लिहिलं, "खेळाच्या पूर्वार्धातच मृत्यूच्या अनिवार्यतेचं एक गहिरं चिंतन येतं."

उपाशी माणूस पाककृती वाचतो तसा शेवट न पाहणारा माणूस शेवटांविषयी फार वाचतो. त्या बाबतीत माझा हात धरणारा कोणी नाही. १९८०च्या पॅक-मॅनचं बघा. त्या खेळाला शेवट ठेवलेलाच नव्हता. पण पातळी मोजणारा आकडा एका बाइटमध्ये होता, आणि एका बाइटमध्ये २५५च्या पुढे मोजता येत नाही. त्यामुळे २५६व्या पातळीला पडद्याचा उजवा अर्धा भाग अक्षरं आणि आकड्यांच्या कचऱ्याने भरून जातो आणि खेळ तिथेच अडकतो. गुरुवारी रात्री साडेअकराला माझं डोकं उघडून पाहिलं तर आत साधारण असंच चित्र दिसेल.

तिथून आपण २०१७च्या निअर: ऑटोमाटापर्यंत आलो. याला इंग्रजी मुळाक्षरागणिक एक असे २६ शेवट आहेत. त्यातला एक नुसता मासा खाल्ल्याने येतो. लढवय्या यंत्रमानव एक ठरावीक मासा खातो, मरतो, श्रेयनामावली पडते, खेळ खलास. जगातल्या सगळ्या शेवटांत माझ्या वेळापत्रकात बसणारा हा एकच. आणि २०२३च्या बॉल्डर्स गेट ३च्या निर्मात्यांनी तर शेवटाचे सतरा हजार प्रकार असल्याचं सांगितलं होतं. म्हणजे मी मन घट्ट करून एकदा शेवटापर्यंत गेलो असतो तरी सोळा हजार नऊशे नव्याण्णव बाबतींत अडाणीच राहिलो असतो. मग उगाच कशाला?

मला सगळ्यात भावते ती मात्र २०१२च्या मास इफेक्ट ३ची हकीकत. तीन खेळांत मिळून शेकडो निर्णय घेऊन लोक शेवटाला पोचले, आणि त्यांना दिसलं की वेगवेगळे म्हणवणारे शेवट बरेचसे एकसारखे आहेत, फरक मुख्यतः रंगाचा. चिडलेल्या खेळाडूंनी वर्गणी काढली आणि निर्मात्यांच्या ऑफिसात चारशेच्या आसपास कपकेक पाठवले. तांबडे, हिरवे, निळे. चव सगळ्यांची एकच. त्याच वर्षी निर्मात्यांनी वाढवलेला शेवट फुकट दिला, तो अर्थात एकंदर ओरड्यामुळे; पण मी एवढी वर्षं तारे वाटतोय, माझ्या आठशे शब्दांनी एका खेळाचा एक दरवाजासुद्धा हललेला नाही.

मालिकांचं दुखणं वेगळं. मालिका समीक्षकाला आधी पाहायला मिळते, याचा लोकांना हेवा वाटतो. मिळतं काय, ते ऐका. दहा भागांपैकी पाच. चित्रावर आडवं-तिडवं माझंच नाव आणि ईमेल, कुठे फुटलं तर चोर सापडावा म्हणून. नायिका डोळ्यांत पाणी आणून म्हणते, "तू कोण आहेस हे मला कधी कळलंच नाही," आणि तिच्या कपाळावर माझं संपूर्ण नाव झळकतं. नायक-नायिका जवळ येऊ लागले की मी मधोमध. बायकोने एकदा असा भाग पाहिला आणि म्हणाली, "सगळ्यांच्या संसारात तू लुडबुड करतोस, आपल्या घरी मात्र दिसत नाहीस."

शिवाय सोबत एक पत्र येतं. अमुक तारखेच्या आधी अक्षर लिहू नये, आणि त्यानंतरही पुढील गोष्टी उघड करू नयेत, म्हणून खाली यादी. एक, सहाव्या भागातला अपघात. दोन, डॉक्टर जिवंत असल्याचं. तीन, शेवटच्या भागातलं लग्न. थोडक्यात, शेवट मला दिसत नाही, पण त्याची नोटीस मिळते.

दोन वर्षांपूर्वी याच पाच भागांनी मला गोत्यात आणलं. खुनाची मालिका होती. पाचही भागांत एक नावाजलेला नट मेहुण्याच्या भूमिकेत होता, आणि पाच भाग तो कुंड्यांना पाणी घालत होता. दुसरं काही नाही. पोलीस येतात, तो पाणी घालतो. प्रेत सापडतं, तो पाणी घालतो. आता एवढा मोठा नट कोणी कुंड्यांसाठी घेत नाही, हे उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या कोणालाही दिसेल. पत्रातल्या यादीत मेहुण्याचं नाव नव्हतं, म्हणून मी गमतीत लिहून गेलो, "खून मेहुण्यानेच केला असावा, कारण एवढं पाणी निष्पाप माणूस घालत नाही."

शनिवारी सकाळी मालिकेच्या प्रसिद्धी खात्यातून फोन. आवाज इतका थंड की फोन कानापासून लांब धरला. "सर, तुम्हाला नववा भाग कुठून मिळाला?"

मी म्हटलं, मिळाला नाही. मी पाचच पाहिलेत. खरं सांगायचं तर साडेचार, पण ते बोललो नाही.

"मग नवव्या भागातल्या गोष्टी तुम्हाला कशा माहीत?"

"मला काहीच माहीत नाही हो. अंदाज केला."

"आमच्या लेखकांनी तीन वर्षं घालवलीत त्यावर. अंदाज कसा येईल?"

याला काय उत्तर द्यायचं? 'कुंड्या' म्हणालो असतो तर तीन वर्षांचा अपमान, नाहीतर मी चोर. मी गप्प बसलो आणि गप्प बसणं हा कबुलीजबाब समजला गेला. तिकडे वाचकांची पत्रं सुरू झाली. "तुम्ही शेवट फोडलात", "तुम्हाला लाज कशी वाटत नाही", "आम्ही कुटुंबासह बघणार होतो". एकाने तर लिहिलं की शेवट आधी पाहून येणाऱ्या लोकांनी थोडा संयम बाळगावा. आयुष्यात शेवट न पाहिलेल्या माणसाला शेवट फोडल्याची शिक्षा! पुढचे सहा महिने त्या कंपनीने मला एकही भाग पाठवला नाही. ते सहा महिने मी माणसांसारखा झोपलो.

तसे मालिकांचे शेवट आता शेवट तरी कुठे असतात? २०२२च्या नोव्हेंबरात आलेली १८९९ नावाची मालिका सगळी कोडी उघडी टाकून थांबली आणि जानेवारीत पुढचा हंगाम रद्द झाला. सेव्हरन्सच्या पहिल्या आणि दुसऱ्या हंगामात तीन वर्षांचं अंतर पडलं. कामावर गेल्यावर घरचं काहीच न आठवणाऱ्या माणसांची ती गोष्ट, आणि दुसरा हंगाम लावला तेव्हा मलाही काहीच आठवेना. १० जून २००७ला सोप्रानोज संपली तेव्हा पडदा मध्येच काळा झाला आणि अनेकांना वाटलं आपली केबल गेली. ऑक्टोबर २०१९मध्ये फोर्टनाइट या खेळाने आपलं अख्खं जग एका कृष्णविवरात घातलं. खेळायला आलेले लोक दीड-दोन दिवस पडद्यावरचं ते काळं भोक बघत बसले. त्या आठवड्यात मी प्रथमच पूर्ण वेळ हजर होतो. काही कळायचंच नव्हतं, त्यामुळे मी कोणाच्या मागे नव्हतो.

सिनेमाचं एका वाक्यात सांगतो. माझं शरीर दोन तास चाळीस मिनिटांचं आहे आणि सिनेमे तीन तासांचे झाले आहेत. मी बाहेर जाऊन परत येतो तोवर आत सगळे रडत असतात. शेजारच्याला विचारावं तर तोही रडत असतो. एकदाच, २०१९ साली, अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेमला दुपारपासून पाण्याचा थेंब न घेता १८१ मिनिटं बसलो. या मंडळींचे सिनेमे नावं संपल्यावरही काहीतरी दाखवतात, म्हणून नावंही बसून वाचली. बायको दहादा उठायला निघाली, मी दहादा हाताला धरून बसवलं. शेवटी काय आलं? अंधारात हातोड्याचे ठोके. चित्र नाही, फक्त आवाज. बायको म्हणाली, "कोणीतरी दुरुस्तीला आलं असेल. चल."

तेव्हापासून नावं सुरू झाली की ती उठते आणि विचारते, "मग शेवटी काय झालं?" ती मधून मधून पाहत असते, तिला खरंच जाणून घ्यायचं असतं. आणि मी "शेवट खुला सोडलाय" असं सांगतो. बावीस वर्षांच्या संसारात तिने पाहिलेल्या यच्चयावत कलाकृतींचे शेवट खुले आहेत.

यात उपसंपादकाचाही वाटा आहे. माझ्या सदराचा शेवटचा परिच्छेद तो दर आठवड्याला जागेअभावी कापतो. गेली कित्येक वर्षं माझा कुठलाही लेख कुठेच पोचलेला नाही. वाचकांची तक्रार नाही. त्यांनीही तिथवर कधी वाचलं नसावं.

गेल्या आठवड्यात मात्र मी पेटलो. ठरवलं, हा गेम संपवायचाच. मालिकेचे दोन भाग दीडपट वेगाने पाहिले, त्यात प्रेमप्रकरण भांडणासारखं वाटलं. सिनेमाला कन्येला पाठवलं आणि तिच्याकडून चार वाक्यं घेतली. गेमची अवघडपणाची पातळी 'सोपी'वर आणली. नंतर त्याच्याही खाली 'फक्त कथा' नावाची एक पातळी सापडली, तिथे राक्षस आपणहून मरतात. कन्येला कळू नये म्हणून पडद्याचा उजेड कमी केला.

गुरुवार रात्र, सव्वादहा. शेवटचा बॉस. पडला. उठला, कारण अशांना एक जीव पुरत नाही. पुन्हा पडला. पुन्हा उठला, आता पंख फुटलेले. पावणेअकराला तो एकदाचा गेला. संगीत बदललं, पहाट झाली, आणि शेवटचं दृश्य सुरू झालं. बायको येऊन सोफ्यावर बसली. मी कंट्रोलर मांडीवर ठेवला, पाय लांब केले. अशी दृश्यं लांबतात, हे मला माहीत होतं. मेटल गिअर सॉलिड ४चा समारोप तासाभराहून लांब आहे. म्हातारा राजा बोलू लागला. संथ, खर्जातला आवाज. "हे सगळं ज्या दिवशी सुरू झालं," तो म्हणाला, "त्या दिवशी..."

डोळे उघडले तेव्हा पडद्यावर 'नवा खेळ सुरू करा' अशी अक्षरं लुकलुकत होती. घड्याळात बाराला दहा कमी. फोनवर उपसंपादकाचे चार कॉल. बायको तिथेच बसलेली, डोळे लाल.

"अगं, शेवटी काय झालं?" मी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा हा प्रश्न माझ्या तोंडून निघाला होता.

तिने नाक पुसलं, उठली, दिवा घालवला.

"काही नाही रे," ती म्हणाली, "सगळ्यांची नावं आली."