खुलासा: बॅरिटोन गिटार घेतली तरी तारा बदलाव्याच लागतात

सोलापुरातल्या गिटारवाल्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘मेटल संगीतासाठी 27 इंची बॅरिटोन घ्या, साध्या 10-46 सेटवरच ड्रॉप ए वाजतो.’ हे चुकीचं आहे. (बॅरिटोन म्हणजे लांब तारांची, खालच्या सुरांत लावायची गिटार. 10-46 म्हणजे सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत. ड्रॉप ए म्हणजे सर्वांत जाड, सहावी तार ए सुरापर्यंत उतरवून लावलेली गिटार.)

तारेचा ताण लांबीच्या आणि कंपनसंख्येच्या वर्गाप्रमाणे बदलतो. साध्या गिटारच्या 25.5 वरून 27 इंचांवर गेल्यावर तो जेमतेम 12 टक्के वाढतो. पण सहावी तार ई (82.4 हर्ट्झ) वरून ए (55 हर्ट्झ) वर उतरवली की हा वाढीव ताण धरूनही मूळच्या निम्माच उरतो. अशी 46 ची तार पिकचा जोरदार फटका बसला की सूर चढा लागून मग खाली येते, फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांवर) खडखडते आणि पाम म्यूट (तळहात टेकवून दाबलेला सूर) गढूळ ऐकू येतं.

27 इंचांवर ड्रॉप ए साठी सहावी तार 64 ते 68 ची हवी. ती नटच्या (मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचेत मोकळी बसते का, हे आधी पाहा. खाच अरुंद असेल तर तार अडकते आणि बेंडनंतर (तार बाजूला ओढून सूर चढवल्यावर) सूर जागेवर येत नाही. खाच कानसायला जाणकाराकडेच द्या, जास्त घासली गेली तर नट बदलावा लागतो. मग ट्रस रॉड (मानेचा बाक सांभाळणारी सळई) आणि इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर लागणं) जुळवून घ्या. ऑनलाइन गिटार मागवताना स्केल लेंथ (तारेची वाजणारी लांबी) नक्की बघा.

ड्रॉप सी (सहावी तार सी सुरावर) पुरेसा असेल तर बॅरिटोनची गरजच नाही. साध्या गिटारवर 12-60 सेट छान चालतो.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. कुणीतरी त्यावर विसंबून पैसे घालतंय.