‘एका सुईत नवी गादी’ म्हणे!

मामांनी मणक्याच्या ऑपरेशनची तारीख रद्द केली. का, म्हणून विचारलं तर मोबाइलच माझ्यापुढे धरला. "आधी हे वाच, मग बोल." वाचलं. वर लाल घंटा, मधे मधे जोडलेले हात, आणि शेवटी ‘कुणाचं तरी आयुष्य वाचेल, पुढे पाठवा’. मामांनी तो स्वतःही पुढे पाठवला होता, अकरा जणांना.

मजकूर थोडक्यात असा. मणक्याचं ऑपरेशन म्हणजे कायमचं अपंगत्व, ते कधीही करू नका. आता स्वतःच्या रक्तातल्या प्लेटलेट (म्हणजे पीआरपी) किंवा स्टेम सेल (म्हणजे मूळ पेशी) झिजलेल्या गादीत, म्हणजे दोन मणक्यांमधल्या डिस्कमध्ये, टोचल्या की नवी गादी तयार होते. पुरावा म्हणून एमआरआयचे आधीचे आणि नंतरचे फोटो. यश ९० टक्के. शरीरातलीच वस्तू, त्यामुळे साइड इफेक्ट शून्य. आणि सर्जन लोक हे मुद्दाम लपवून ठेवतात.

मी डॉक्टर नाही. चार वर्षांपूर्वी माझी स्वतःची गादी सरकली होती, तेव्हापासून या विषयावर हाती लागेल ते वाचत आलोय, एवढीच माझी पात्रता. पण या मेसेजसाठी तेवढी पुरते.

फोटोंपासूनच सुरू करतो, कारण मामा भुलले ते फोटोंना. डावीकडच्या फिल्ममध्ये खालून दुसऱ्या गादीतून मागे आलेला काळा फुगवटा, नसांच्या पांढऱ्या पट्ट्यात घुसलेला. उजवीकडच्या फिल्ममध्ये तो गायब. खाली लिहिलंय, ‘फक्त एक इंजेक्शन!’ मामा म्हणाले, "आता याला काय म्हणशील?"

मी कपाटातून माझी जुनी पाकिटं काढली. दोन फिल्म, मधे तेरा महिन्यांचं अंतर. पहिलीत तसाच फुगवटा, बहुधा मामांना आलेल्या फोटोपेक्षा मोठाच. दुसरीत नाही. मधल्या काळात मी काय केलं? सुरुवातीला कण्हलो, गोळ्या घेतल्या, मग चालायला लागलो, व्यायाम केला, कंटाळून मधे महिनाभर तोही सोडला. कुणी काहीही टोचलं नाही. त्या काळात एखादं इंजेक्शन घेतलं असतं, तर आज त्या मेसेजमध्ये माझीच फिल्म झळकली असती आणि मीही शपथेवर सांगितलं असतं की सुईने बरा झालो.

यात चमत्कार काही नाही. गादीचा आतला गर फाटलेल्या कडेतून बाहेर आला की शरीर त्याला परका समजतं. त्याच्याभोवती बारीक रक्तवाहिन्या उगवतात, पांढऱ्या पेशी येतात आणि त्याला खाऊन टाकतात. २०१५ मध्ये अशा अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. तुटून सुटा पडलेला तुकडा आपोआप विरण्याचं प्रमाण त्यात ९६ टक्के निघालं, कडेबाहेर ठळक आलेल्या गराचं ७० टक्के, आणि नुसत्या पसरलेल्या गादीचं जेमतेम १३. म्हणजे फोटोत जितका भयंकर दिसेल, तितका तो आपसूक जाण्याची शक्यता जास्त. आणि मेसेजवाला फोटो कोणते निवडणार? सगळ्यांत भयंकर दिसणारेच.

आणखी एक गंमत. उजवीकडची फिल्म नीट बघा. फुगवटा गेलाय, पण गादी? तशीच काळी, तशीच चपटी. नवी गादी कुठाय? गर बाहेर पडून विरला म्हणजे आतला माल उलट कमीच झाला. ज्या फोटोवर ‘नवी गादी’ लिहिलंय, तोच फोटो ती नवी झालेली नाही असं सांगतोय, आणि हजारो लोक तो पुढे ढकलताहेत.

मुळात ‘झिजलेली गादी म्हणजेच दुखणं’ हे गृहीतच कच्चं आहे. अजिबात दुखत नसलेल्या ३,११० लोकांच्या तपासण्यांचा २०१५ चाच दुसरा एक आढावा आहे. विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या निघाल्या, ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या. न दुखणाऱ्या लोकांच्या, हे पुन्हा सांगतो. एमआरआय रिपोर्टमधली अर्धी भीतिदायक भाषा ही केस पिकल्याची बातमी असते. दुखणं खोटं असतं असं मी म्हणत नाही, ते मी भोगलंय. पण काळी दिसणारी प्रत्येक गादी गुन्हेगार नसते.

आता ‘पेशी टोचल्या की गादी उगवते’. हे खरंच तपासून बघितलं गेलंय, आणि चांगलं तपासलं गेलंय. युरोपातल्या अनेक केंद्रांत मिळून ‘रिस्पाइन’ नावाची चाचणी झाली, निकाल २०२४ मध्ये आले. जुनाट कंबरदुखीचे ११४ रुग्ण. निम्म्यांच्या गादीत दात्याच्या अस्थिमज्जेतल्या स्टेम सेल सोडल्या, बाकीच्यांना फक्त टोचल्याचं नाटक केलं. कोण कुठल्या गटात हे रुग्णांना माहीत नव्हतं. वर्षाने दोन गोष्टी मोजल्या: माणसाचं दुखणं आणि हालचाल, आणि एमआरआयवर गादीतलं पाणी. सुधारलेले म्हणून गणले गेले ते पेशीवाल्या गटात १०० पैकी ७४ च्या आसपास. ऐकायला छान वाटतं ना? नाटक केलेल्या गटात ६९ च्या आसपास. फरक नगण्य. गादीतल्या पाण्यातही पेशींचा काही फायदा दिसला नाही.

मेसेजमधल्या ‘९० टक्के यशा’चं उत्तरही त्या ६९ मध्येच आहे. गादीत काहीही न टोचता दहातले सात जण बरे वाटण्याच्या यादीत गेले! माणूस सुईपर्यंत जातो तो दुखणं शिगेला पोचल्यावर. शिगेवरून ते पुढे उतरतंच. त्यात मोठी मशिन, प्रेमाने बोलणारा डॉक्टर, ‘आता बरं वाटणार’ ही आशा, आणि वर महिनाभर सक्तीची काळजी. ज्याच्याकडे तुलनेसाठी दुसरा गटच नाही त्याने ९० सांगितले काय नि ९९ सांगितले काय.

पेशी आत का रुजत नाहीत, हे समजून घ्यायचं तर गादीच्या आत डोकावायला हवं. मोठ्या माणसाच्या गादीत मधोमध रक्तवाहिनी नसते. तिथल्या पेशीपासून सर्वांत जवळचं रक्त सहा ते आठ मिलिमीटरवर असू शकतं. ऑक्सिजन आणि साखर तेवढं अंतर झिरपत जाते. त्यात आत आम्ल साचलेलं. त्या जागेत आधीच्याच पेशी उपाशी मरताहेत, आणि उपाय काय, तर आणखी लाखो तोंडं आत पाठवा. बरं, गेलेल्या आत राहतील याचीही खात्री नाही. सशांवरच्या एका प्रयोगात टोचलेल्या पेशी गादीतून बाहेर झिरपल्या आणि कडेला हाडाचे काटे उगवले.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी, मन मारून का होईना. हे संशोधन म्हणजे बुवाबाजी नाही. पीआरपीची ४७ रुग्णांची एक चाचणी २०१६ मध्ये आली, तिच्यात आठ आठवड्यांनी काही मोजमापांत पीआरपीवाले सरस होते. पुढच्या एका छोट्या चाचणीत मात्र फरक सापडला नाही. स्टेम सेलची ४०४ रुग्णांची मोठी चाचणी २०२१ मध्ये जाहीर झाली. तिचं ठरवलेलं मुख्य उद्दिष्ट चुकलं, पण एका गटात दुखणं तुलनेसाठी मिठाचं पाणी टोचलेल्यांपेक्षा जास्त उतरलं, म्हणून पुढची चाचणी हाती घेतली गेली. उद्या एखाद्या ठरावीक रुग्णासाठी यातून काही निघालं तर आनंदच आहे. पण ‘चाचणी चालू आहे’ आणि ‘नवी गादी मिळते, या’ यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

साइड इफेक्ट शून्य? रक्त तुमचंच असेल, सुई तर बाहेरचीच आहे ना. गादीला रक्तपुरवठा नाही म्हणजे आत जंतू गेला तर लढायला पोचणारी फौजही अपुरी. स्वतःच्याच प्लेटलेट टोचल्यावर गादीत पू झाल्याच्या नोंदी आहेत. दुर्मीळ आहेत, पण शून्य नाहीत. मेसेजमध्ये ‘नाळेच्या पेशी’ही घुसडल्यात. नाळेच्या रक्तापासून बनवलेल्या अशा इंजेक्शनांनंतर अमेरिकेत २०१८ मध्ये १२ जण जंतुसंसर्गाने हॉस्पिटलात भरती झाले होते. आणि नुसत्या सुईचंच बोलायचं तर २००९ चा एक अभ्यास आहे: तपासणीसाठी ज्यांच्या गादीत बारीक सुई घातली होती त्यांना दहा वर्षांनी पुन्हा तपासलं, तेव्हा त्यांच्या गाद्या न टोचलेल्यांपेक्षा जास्त झिजलेल्या होत्या. प्रयोगशाळेत सशाची गादी मुद्दाम बिघडवायची असेल तर काय करतात, ठाऊक आहे? सुईने टोचतात.

आता ज्या वाक्यावरून मी हे लिहायला बसलो ते. ‘ऑपरेशन कधीही करू नका.’

यातही अर्धं सत्य आहे, आणि त्यामुळेच ते जास्त घातक आहे. पायात काही नाही, नस दबलेली नाही, फक्त कंबर दुखते आणि गादी झिजलेली आहे, अशा माणसाचे दोन मणके स्क्रू घालून जोडायचे, म्हणजे फ्युजन; त्याचा पुरावा खरोखरच लंगडा आहे. नॉर्वेत २००३ मध्ये आणि ब्रिटनमध्ये २००५ मध्ये फ्युजनची तुलना भीती घालवणारं समुपदेशन आणि शिस्तीचा व्यायाम यांच्याशी झाली. ब्रिटनमध्ये ३४९ रुग्ण होते. ऑपरेशनने सांगण्यासारखी बाजी मारली नाही. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१६ पासून सांगितलंय की नुसत्या कंबरदुखीसाठी चाचणीबाहेर फ्युजन देऊ नका, कृत्रिम डिस्क तर बसवूच नका. इथे मेसेजवाल्याशी माझं भांडण नाही. उठसूट स्क्रू ठोकणाऱ्यांचा मलाही राग आहे.

पण मामांचा आजार तो नाहीच! मामांच्या गादीचा गर पायाकडे जाणाऱ्या नसेवर बसलाय. कळ कंबरेतून निघून पोटरीवरून अंगठ्यापर्यंत जाते. त्या ऑपरेशनमध्ये मणके जोडत नाहीत, गादी बदलत नाहीत, नसेवरचा तुकडा तेवढा काढतात. त्याचा पुरावा वेगळा आहे. कॅनडातल्या १२८ रुग्णांची चाचणी २०२० मध्ये आली. सगळे चार ते बारा महिने पायातल्या कळेने बेजार. सहा महिन्यांनी ऑपरेशन झालेल्यांची कळ दहापैकी २.८ वर होती, बाकीच्यांची ५.२ वर. कळ नुकतीच सुरू झाली असेल तर थांबणंही चालतं: नेदरलँड्समधल्या २००७ च्या चाचणीत लवकर ऑपरेशन झालेले आणि थांबलेले, दोन्ही गटांतले ९५ टक्के लोक वर्षभरात बरे झाले होते, फक्त थांबलेल्यांतल्या ३९ टक्क्यांना मधे ऑपरेशन लागलंच.

म्हणजे कंबरदुखीची सुई आणि नसेचं ऑपरेशन यांची कुस्तीच लावता येत नाही. दोन वेगळी दुखणी आहेत. चष्मा चांगला की कानाचं मशिन, असला हा प्रश्न झाला.

आणि काही वेळा थांबणंही चालत नाही. मामांना महिनाभरात नवीनच काहीतरी व्हायला लागलं होतं. उजव्या पायातली चप्पल चालता चालता निसटायची. त्यांना वाटलं, चप्पल सैल झाली. नवीन घेतली, तीही निसटायला लागली. डॉक्टरांनी त्यांना टाचांवर चालायला सांगितलं तेव्हा मी तिथेच होतो. डावं पाऊल वर राहिलं, उजव्याचा पंजा दर पावलाला फटकन फरशीवर पडत होता. कळ मात्र पूर्वीपेक्षा कमी झाली होती, आणि मामा त्यावरच खूश होते. नस मरत चालली की कळही कमी होते, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. अशा पायावर प्लेटलेट टोचून वाट बघत बसायची? नसेवरचं ओझं तसंच ठेवून?

याहून वाईट एक प्रकार आहे. दोन्ही पायांत कळ किंवा बधिरपणा, बसायच्या जागी, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा, लघवी अडकणं किंवा नकळत होणं. हे दिसलं तर तासांचा हिशेब असतो, रात्र असली तरी हॉस्पिटल गाठायचं. उशीर झाला तर लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो. मेसेजमधल्या ‘कधीही’ या एका शब्दात हे लोकही येतात. तो लिहिणाऱ्याने हा विचार केला नसेल, किंवा केला असेल आणि तरी लिहिलं असेल. यातलं काय जास्त वाईट, मला ठरवता येत नाही.

राहिलं ‘सर्जन लपवतात’. वर सांगितलेलं सगळं छापलेलं आहे, फ्युजनच्या विरोधातलं धरून, आणि त्यातलं बरंच सर्जननीच छापलंय. पुढे जाऊ.

मामांनी दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. तिसऱ्या दिवशी फोन. "तुझ्या त्या दोन फिल्म आहेत ना, त्या घेऊन ये." आम्ही पुन्हा सर्जनकडे गेलो. मामांनी मेसेज त्यांनाही दाखवला. ते हसले नाहीत, रागावले नाहीत. म्हणाले, "काका, तुमच्या भाच्याच्या पायात ताकद होती म्हणून त्याला थांबता आलं. तुमची जातेय. मी कंबरेसाठी कापत नाहीये, कंबर थोडीफार दुखत राहीलच. पायही शंभर टक्के परत येईल असं वचन देत नाही. पण आता लांबवू नका."

पुढच्या गुरुवारची तारीख मिळाली आहे. मेसेज गेलेल्या त्या अकरा जणांपैकी सात जणांना मामांनी फोन केलेत. बाकीचे चार उचलत नाहीत.