हप्त्याआधी खोलीभाड्याची अट बघा

स्वतःचा धंदा करणाऱ्यांसाठीच्या आरोग्य विम्यावरच्या लेखात पॉलिसींचे हप्ते छान मांडलेत, पण खोलीभाड्याची मर्यादा, म्हणजे हॉस्पिटलच्या खोलीसाठी विमा कंपनी दिवसाला जास्तीत जास्त किती देणार, हे राहून गेलं. क्लेम बऱ्याचदा तिथेच कापला जातो. ३ लाखांच्या विम्यावर १ टक्का मर्यादा असेल तर दिवसाला ३,००० रुपये. ६,००० ची, म्हणजे दुप्पट भाड्याची खोली घेतलीत की नुसतं भाडंच नाही, सर्जनची फी आणि ऑपरेशन थिएटरचा खर्चही त्याच प्रमाणात कापून सहसा निम्माच मिळतो. औषधं, इम्प्लांट (शरीरात बसवायचे कृत्रिम भाग), तपासण्या या कपातीत येत नाहीत.

सोलापुरातल्या यंत्रमागवाल्यांना, शिलाईवाल्यांना कळकळीची विनंती: प्रपोजल फॉर्म (विम्याचा अर्ज) भरायचं काम एजंटावर सोडू नका. बीपी-शुगरची गोळी चालू असेल तर लिहाच. पॉलिसी घेण्याआधीच्या आजाराचा खर्च मिळायला जास्तीत जास्त ३ वर्षं थांबावं लागतं, लपवलंत तर क्लेमच फेटाळला जाऊ शकतो. आणि नूतनीकरणाची वाढीव मुदतही उलटली, तर ती ३ वर्षं पुन्हा पहिल्यापासून.