९१ सेकंदांवरून स्पिंक्स मोजू नका, आणि उसिकही

‘उसिकला महान म्हणणं बंद करा’ अशा मथळ्याचा एक मेसेज सध्या नाशिकच्या व्यायामशाळांच्या आणि बॉक्सिंग शिकणाऱ्या मुलांच्या ग्रुपवर फिरतो आहे. सिडको, पंचवटी, नाशिकरोड, सगळीकडून मला तोच येतो. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: युक्रेनचा बॉक्सर ओलेक्झांडर उसिक याचे क्रूझरवेटचे, म्हणजे हेवीवेटच्या खालच्या वजनी गटातले, जागतिक विजेतेपदाचे पट्टे धरायचेच नाहीत. हेवीवेटला त्यानं हरवले ते आधीच संपलेले होते. तिथल्या लढतीही मोजक्याच. आणि ऐन भरातला माइक टायसन समोर असता तर १९८८ मध्ये टायसनसमोर पडलेल्या मायकेल स्पिंक्ससारखा तोही ९१ सेकंदांत आडवा झाला असता. म्हणून खालच्या गटातून वर आलेला बॉक्सर हेवीवेटमध्ये महान ठरूच शकत नाही.

आपल्याकडची बहुतेक मुलं पन्नास-साठ किलोंची. मोठेपण वजनात असतं असं त्यांना कुणी सांगितलं की ती जॅब आणि फुटवर्क सोडून वजनकाट्याच्या मागे लागतात. म्हणून हे उत्तर.

क्रूझरवेटची मर्यादा २०० पौंड, म्हणजे ९०.७ किलो. या गटाला हेवीवेटइतका पैसा आणि प्रसिद्धी नाही, हे खरं. पण उसिकनं तिथे काय केलं ते पाहा. २०१६ मध्ये त्यानं पहिला जागतिक पट्टा घेतला तो पोलंडमध्ये जाऊन, पोलंडच्याच ग्लोवात्स्कीकडून. पुढे हुकला बर्लिनमध्ये हरवलं, ब्रिएदिसला रिगामध्ये, गासिएव्हला मॉस्कोत आणि बेल्यूला मँचेस्टरमध्ये. प्रत्येक वेळी प्रेक्षक समोरच्याचे. त्यातली मॉस्कोची लढत जुलै २०१८ ची. क्रिमियात जन्मलेला युक्रेनचा माणूस, क्रिमिया रशियानं घेतल्यावर चार वर्षांनी, मॉस्कोत रशियन चॅम्पियनला बारा फेऱ्या खेळवून गटाचे चारही पट्टे घेऊन परतला. हे धरायचं नाही, तर मग काय धरायचं?

आणि हा न्याय आपल्या मातीला लावून बघा. २०२० मध्ये नाशिककडून लढणाऱ्या हर्षवर्धन सदगीरनं महाराष्ट्र केसरीची गदा जिंकली तेव्हा सगळ्या जिल्ह्याची छाती फुगली, आणि ती फुगायलाच हवी होती. पण खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक जिंकलं ते ५७ किलोच्या आसपासच्या बँटमवेट गटात. केसरीच्या मल्लांशी लढले नाहीत म्हणून खाशाबा लहान, असं म्हणायची महाराष्ट्रात कुणाची छाती आहे? वजनी गट असतात ते कसब कसबाशी तोललं जावं म्हणून.

आता स्पिंक्स. मला सगळ्यात जास्त राग या मुद्द्याचा आहे. स्पिंक्स लाइट हेवीवेटचा चॅम्पियन होता, मर्यादा १७५ पौंड, साधारण ७९ किलो. सप्टेंबर १९८५ मध्ये तो हेवीवेट चॅम्पियन लॅरी होम्ससमोर उभा राहिला तेव्हा होम्स ४८ लढती जिंकून अपराजित होता. आणखी एक जिंकला असता तर रॉकी मार्सियानोच्या ४९ विजयांशी बरोबरी झाली असती. लाइट हेवीवेटच्या चॅम्पियननं वर जाऊन हेवीवेटचा मुकुट घेतला, असं तोवर एकदाही घडलं नव्हतं. १९४१ मध्ये लाइट हेवीवेटचाच बिली कॉन हेवीवेट चॅम्पियन जो लुईविरुद्ध बारा फेऱ्यांनंतर दोन पंचांच्या गुणांत पुढे होता, तिसऱ्याकडे बरोबरी होती, आणि तेराव्या फेरीत त्याला लुईनं पाडलं. १९५५ मध्ये आर्ची मूर मार्सियानोकडून हरला, १९७० मध्ये बॉब फॉस्टर फ्रेझरकडून. स्पिंक्सनं मात्र पंधरा फेऱ्या लढून होम्सला गुणांवर हरवलं. पुढच्या वर्षीच्या परतीच्या लढतीचा निकाल वादाचा आहे, तो कुणी उकरला तर माझी हरकत नाही. पण जून १९८८ मधल्या दीड मिनिटानं १९८५ ची रात्र पुसली जात नाही. टायसनसमोरचा तो पराभव स्पिंक्सच्या व्यावसायिक कारकिर्दीतला एकमेव पराभव होता. मेसेज लिहिणाऱ्याला हे माहीत असेल असं वाटत नाही.

टायसनचं नाव घ्यायचंच तर वजनही घेऊ. त्या रात्री टायसन होता सव्वादोनशे पौंडांच्याही आत, जवळपास ९९ किलोंचा. ब्रिटनचा हेवीवेट फ्युरी याच्याशी पहिल्यांदा लढताना उसिक १०१ किलोंच्या पुढे होता, आणि उंचीनं तर तो टायसनपेक्षा कितीतरी जास्त. म्हणजे ज्याला आपण ‘खालच्या गटातला’ म्हणतो तो त्या टायसनपेक्षा जड आहे. शिवाय टायसनला नोव्हेंबर १९९६ मध्ये अकराव्या फेरीत थांबवणारा होलीफिल्ड कुठून आला होता? क्रूझरवेटमधून. तो १९८८ चा टायसन नव्हता, मान्य. पण क्रूझरवेटवाले टायसनसमोर टिकत नाहीत, हा सिद्धांत तिथेच कोसळतो. उसिक विरुद्ध १९८८ चा टायसन, याचा निकाल मात्र कुणीच देऊ शकत नाही, आणि जी लढत होणारच नाही तिच्यावरून माणसाचे गुण कापायचे नसतात.

‘संपलेल्यांना हरवलं’ म्हणतात. सप्टेंबर २०२१ मध्ये लंडनला उसिककडून हरला तेव्हा ब्रिटनच्या अँथनी जोशुआकडे तीन पट्टे होते आणि कारकिर्दीत एकच पराभव, ज्याची त्यानं परतफेडही केली होती. टायसन फ्युरी (माइक टायसन नव्हे) मे २०२४ मध्ये उसिकशी लढायला आला तेव्हा अपराजित होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये बॉक्सिंगमध्ये नवख्या एन्गानूनं त्याला पाडलं होतं, हा त्या मेसेजमधला एकमेव दखल घेण्यासारखा भाग. पण वय बघा: फ्युरी ३५ चा, उसिक ३७ चा. वजनात १७ किलोंचा फरक, तोही फ्युरीच्या बाजूनं. नवव्या फेरीत दोरखंडावर आदळत गेलेल्या फ्युरीला पडलेला धरून रेफरीनं आकडे मोजले, तेव्हा अंगावर वजन कुणाच्या होतं? ती लढत दोन पंचांनी उसिकला आणि एकानं फ्युरीला दिली होती. मग डिसेंबरमध्ये पुन्हा लढले आणि तिन्ही पंचांनी ११६-११२ असा उसिकच्या बाजूनं निकाल दिला.

ब्रिटनच्या डॅनियल डुबॉइसच्या बाबतीत मी मेसेजवाल्यांना थोडं मोकळं सोडतो. ऑगस्ट २०२३ मध्ये पोलंडमधल्या व्रोत्सवाफला त्याच्याशी लढताना पाचव्या फेरीत उसिक खाली गेला, रेफरीनं ठोसा कमरेखालचा ठरवला, आणि त्यावर आजही भांडणं होतात. ती होऊ शकतात. पण त्यानंतर डुबॉइसनं जोशुआला पाचव्या फेरीत नॉकआउट केलं, आणि जुलै २०२५ मध्ये वेम्बलीत उसिकनं डुबॉइसला पाचव्याच फेरीत.

कुणी मध्येच खालच्या गटांतला चॅम्पियन रॉय जोन्स आणतात. २००३ मध्ये १९३ पौंडांचा जोन्स २२६ पौंडांच्या जॉन रुइझला हरवून पट्टा घेऊन आला. धाडस मोठंच. पण एकच लढत, आणि लगेच खाली परत. जोन्सचं मोठेपण खालच्या गटांतच सिद्ध झालं होतं, रुइझ नसता तरी ते तेवढंच राहिलं असतं.

राहिला लढतींच्या संख्येचा मुद्दा. जुलै २०२५ पर्यंत हेवीवेटला उसिकच्या आठ लढती, त्यातल्या सहा जागतिक विजेतेपदाच्या. यादी लहान आहे. होलीफिल्डनं डग्लस, फोरमन, होम्स, बो, टायसन असे एकेक हरवले. ती यादी लांब आहे, आणि तिच्याबरोबर पराभवांचीही. म्हणून मी उसिकला होलीफिल्डच्या शेजारी ठेवतो, लुई किंवा अलीच्या वर नाही. वाद घालायचा तर इथे घाला. त्या जुलैपर्यंत जोसेफ पार्कर आणि अगित काबायेल हे हेवीवेट दोघेही फॉर्मात होते आणि उसिक त्यांच्याशी लढलेला नव्हता. मेसेजमध्ये ही दोन नावं असती तर मला इतकं लिहावं लागलं नसतं, आपण त्या दोघांवरच बोललो असतो.